मंगळवारची होडी

६ फेब्रुवारी, सोमवार

आज दुसरीच्या वर्गात ‘साधी यंत्रे’ हा धडा सुरू केला आणि पहिल्या पाच मिनिटांत तोंडघशी पडलो.

फळ्यावर ‘यंत्र’ असं लिहून विचारलं, कोणी यंत्र पाहिलंय का? त्रेचाळीसच्या त्रेचाळीस हात वर. मी खूश. कुकुवाला उठवलं. वर्गात तिच्याएवढी हडकुळी आणि तिच्याएवढी बोलकी दुसरी कोणी नाही. ती म्हणाली, “होडीच्या मागे लावतात ते. चाळीस घोड्यांचं.” पुढच्या बाकावरचे जुळे, पायिन आणि काकरा, लगेच इंजिनाचा आवाज काढायला लागले. त्यात सगळा वर्ग सामील झाला. शेजारच्या वर्गातून क्वान्सा बाई आल्या. त्या मुख्याध्यापिका आहेत. दारात उभं राहून त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मग पुस्तकातलं सीसॉचं चित्र दाखवलं. “हे बाक मोडलंय, सर,” पायिन म्हणाला. मी म्हटलं, मोडलेलं नाही, ही तरफ आहे, यंत्रच आहे. “मग इंजिन कुठंय?”

शेवटी चिडून सांगितलं की इंजिन नसलं तरी यंत्र असतं. ज्याच्यामुळे कमी जोरात जास्त काम होतं ते यंत्र. घरातली सुरीसुद्धा यंत्रच, ती पाचरीच्या जातीची. कुकुवा विचारात पडली. मग म्हणाली, “सर, मग माझ्या आईकडे चार यंत्रं आहेत. आणि ती सगळ्यांना सांगत फिरते की आम्ही गरीब आहोत.”

घरी बायकोला, आबाला, हे सांगितलं तर ती मासे धुरीवर लावता लावता हसली. “अख्खा किनारा यंत्रांनी भरलाय, आणि तू त्यांना पुस्तकातलं बाक दाखवतोस. धन्य आहे मास्तर तुझी.”

“किनारा मामांचा आहे,” मी म्हटलं.

“मग मामांना विचार.”

मी म्हटलं, सूप छान झालंय, अजून थोडं वाढ.

पण वहीत तरी खरं लिहावं. आमच्याकडे मामाची होडी भाच्याकडे जाते, आणि माझे मामा म्हणजे आमच्या एन्सुआनो गावच्या मच्छीमारांचे प्रमुख. सतराव्या वर्षी त्यांनी मला ‘धीर धर’वर नेलं. हे त्यांच्या होडीचं नाव, लाल अक्षरांत रंगवलेलं. अकरा दिवस गेलो आणि अकराही दिवस ओकलो. दोरावर ओकलो, जाळ्यावर ओकलो, एकदा मामांच्या पायावर. बाराव्या दिवशी होडीवर न जाता केप कोस्ट शहराच्या गाडीत बसलो आणि शिक्षक व्हायला निघून गेलो. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून मामा माझ्याशी बोललेले नाहीत.

म्हणजे बोलतात, पण दुसऱ्याच्या तोंडून. आधी मामी निरोप आणायची. बारा वर्षांपूर्वी ते प्रमुख झाले आणि काम सोपं झालं, कारण प्रमुखाने लोकांशी निरोप्यामार्फत बोलायचं ही आमची रीतच आहे. त्यांचा निरोप्या ओतू. काठी धरून शेजारी उभा असतो. चारचौघांत सगळ्यांशीच असं बोलतात, त्यामुळे कोणाला वावगं वाटत नाही. पण घरच्या अंगणात बाकीच्यांशी ते सरळ बोलतात, आणि मी आलो की ओतूला हाक मारतात. माझ्या लग्नात हनुवटीला भाताचं शीत लागलं होतं. ते मला ओतूकडून कळलं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

मुलांना सांगितलं होतं, घरातलं एक यंत्र आणा. अकरा सुऱ्या आल्या. सगळ्या काढून कपाटात बंद केल्या आणि दुपारपर्यंत दारात अकरा आया उभ्या. एकीने विचारलं, “सर, स्वयंपाक कशाने करू? पुस्तकाने?” काकरा बाटली उघडायची चावी घेऊन आला. कुकुवा म्हणाली, तिच्या मावशीकडे कसाव्याच्या कंदाचा लगदा पिळायचा दाबयंत्राचा सांगाडा आहे, मोठ्या स्क्रूचा, पण मावशी त्यावर बसून असते म्हणून आणता आला नाही.

आज मंगळवार, त्यामुळे एकही होडी समुद्रात नव्हती. मंगळवार समुद्राचा स्वतःचा. वर्गाच्या खिडकीतून किनारा दिसतो. मामा नारळाखाली बसले होते, समुद्राकडे पाठ आणि शाळेकडे तोंड करून. ही काय नवीन तऱ्हा? कंबर दुखते म्हणे त्यांची. पाठीला वारा हवा असेल.

९ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो एकदाचा.

तीन माणसांची खोली, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी. मामा बसलेले, ओतू काठी घेऊन उभा, मी बाकावर. मामा हळू आवाजात ओतूला सांगतात, मला शब्द न् शब्द ऐकू येतो, तरी ओतू तो पुन्हा सांगतो. मी मुलांना किनारा दाखवायची परवानगी मागितली.

“विचार त्याला, मुलं किती.”

“प्रमुख विचारतात, मुलं किती.”

“त्रेचाळीस.”

“त्रेचाळीस आहेत,” ओतू मामांना म्हणाला. मामांनी मान हलवली, जणू आत्ताच कळलं.

“त्याला म्हणावं, इतक्या लहान पोरांना हे कळेल का?”

मी म्हटलं, कळेल. त्यांना कळतं, सांगणाऱ्यालाच सांगता येत नाही. हे मी जरा तोऱ्यातच बोललो. मामांनी कंबर चोळली. मग म्हणाले, “मंगळवारी आण म्हणावं. माणसं जाळी सांधत बसलेली असतात, पोरं कोणाच्या पायात येणार नाहीत. बघायचं. हात लावायचा नाही.” आणि उठता उठता, “विचार त्याला, त्याची उलटी थांबली का.”

ओतू खोकला. “प्रमुख आपली प्रकृती विचारतात.”

एकोणीस वर्षं झाली, पण टोमणा सोडवत नाही. मी रागानेच घरी आलो. आबा म्हणते, “त्यांनी प्रकृती विचारली, आणि तू रागावलास?” बायकांना सगळं गोडच दिसतं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज किनाऱ्यावर गेलो. मला बोलावंच लागलं नाही.

‘धीर धर’ ओंडक्यांवर उभी होती, पुढचं तोंड समुद्राकडे. खाली वाळूत फळ्या अंथरलेल्या आणि पुढच्या ओंडक्याला दोन पाचरी मारलेल्या. एक म्हातारा जाळं सांधत होता, त्याने दोन वाक्यांत सांगितलं: ओंडके होडीला पळवतात, पाचर होडीला थांबवते. मी पुस्तकातून तीन दिवसांत जे सांगू शकलो नाही ते एवढंच. मुलं होडीभोवती फेऱ्या मारत होती. पायिनने विचारलं, “एवढ्या मोठ्या होडीला एवढंसं लाकूड थांबवतं?” म्हातारा म्हणाला, “तुझ्या बापाला तुझी आई थांबवते ना? तसंच.”

कोणी हात लावला नाही. मीच विसरून लावला, तेव्हा त्रेचाळीस जण एकदम ओरडले.

मामा लांब बसून होते. निघताना ओतू आला. “प्रमुख विचारतात, ती हडकुळी मुलगी कोणाची?” मी सांगितलं. “प्रमुख म्हणतात, ती प्रश्न बरोबर विचारते.” हे मला सांगायचं काय कारण? मी शिकवतो म्हणूनच विचारते ना ती.

१५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी वर्गाच्या दारात दोन ओंडके, एक जुनी लाकडी कप्पी आणि वापरून गुळगुळीत झालेली मोठी पाचर ठेवलेली होती. चिठ्ठी नाही, काही नाही. सुतार आक्वानेच ठेवली असणार, त्याचा नातू माझ्या वर्गात आहे. दुपारी त्याच्याकडे जाऊन समाजाचं शिक्षणावर असलेलं प्रेम या विषयावर लांबलचक आभार मानले आणि आबाचे चार धुरी दिलेले मासे दिले. तो “बरं, बरं” म्हणत राहिला. साधा माणूस. उपकार बोलून दाखवत नाही.

आबाला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. “कोणत्या सुताराकडे समुद्राच्या पाण्याने पांढरी पडलेली कप्पी असते रे? मास्तर कसा झालास तू?” मासे फुकट गेले म्हणून बोलत असेल.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस मी म्हातारपणी आठवणार आहे.

वर्गातलं लोखंडी कपाट चार मोठ्या माणसांना हलत नाही. मुलांनी ते हलवलं. आधी तरफेने एक बाजू उचलली, काकराने ओंडका सरकवला, मग दुसरी बाजू. मग सगळ्यांनी मिळून ढकललं आणि कपाट गडगडत दारापर्यंत गेलं. कुकुवा पाचर घेऊन पुढे पळत होती आणि “थांबा म्हटलं की थांबा!” असं ओरडत होती. माझ्यासारखंच ओरडते, बोट वर करून. मला माहीत नव्हतं मी असा दिसतो.

क्वान्सा बाई आवाज ऐकून धावत आल्या. मी मनात म्हटलं, संपलं. त्या कपाटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बेंट्सिल सर, माझं टेबल सहा वर्षं उन्हात आहे. तेही होईल का?”

दुपारी बाईंचं टेबल सावलीत गेलं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहूनच होणार नाही.

मुलांना पुन्हा किनाऱ्यावर नेलं. कप्पी बरोबर घेतली, नारळाला बांधून दाखवायची म्हणून. भरती होती. ‘धीर धर’ मागच्या वेळेसारखीच उभी, मात्र आज पुढच्या ओंडक्याला एकच पाचर होती. हे मला आत्ता लिहिताना आठवतंय, तेव्हा दिसलंच नाही. मी ‘धीर धर’चाच लांब दोर मागून घेऊन नारळाला कप्पी बांधत होतो, मुलांकडे पाठ करून.

मागून एक कर्रर्र आवाज आला. मग गडगडाट. वळलो तर ‘धीर धर’ चालली होती. ओंडक्यांवरून, फळ्यांवरून, सरळ, झोकात, आणि पुढच्या क्षणाला तिचं तोंड लाटेत घुसलं.

आधी मुलं मोजली. बेचाळीस. पुन्हा मोजली. बेचाळीस. पायिन एकटाच उभा होता. आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटलेली नाही आणि पुन्हा वाटू नये. पाण्याकडे धावत सुटलो, तेवढ्यात नारळामागून काकरा चड्डी वर ओढत आला आणि म्हणाला, “काय झालं?” मी त्याला असा घट्ट धरला की तो रडायला लागला.

मग होडी. वीस-पंचवीस माणसं जाळी सोडून उभी होती आणि कोणीच पाऊल पुढे टाकत नव्हतं. मंगळवार. मंगळवारी समुद्रात पाय घालायचा नाही, होडी तर लांबच. जो घालेल त्याला मामा स्वतः दंड करतात, आणि होडी मामांचीच. मामा उठून उभे होते. ओतू त्यांच्याकडे बघत होता, काय सांगू म्हणून. सांगणार काय? ‘जा’ म्हटलं तर रीत मोडली, ‘थांबा’ म्हटलं तर होडी गेली. प्रत्येक लाटेला ती हातभर लांब जात होती.

आणि मला काय सुचावं! मी मच्छीमार नाही, हे एकोणीस वर्षं सगळं गाव मला ऐकवत आलंय. मग बंदी मला कशी लागू होईल? दोराचं टोक घेतलं आणि शिरलो. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, एक लाट डोक्यावरून. होडीच्या मागच्या टोकाच्या कड्यात दोर ओवला, जशी जमली तशी गाठ मारली, आणि होडीची कड धरून ओकलो. लाट आली की ओकायचो, लाट गेली की श्वास घ्यायचो.

“सर, कप्पी! कप्पीतून घ्या!” कुकुवा काठावरून ओरडत होती. म्हाताऱ्याने नारळाच्या कप्पीतून दोर घेतला आणि मग माणसांचा जीव भांड्यात पडला, कारण दोर कोरड्या वाळूवर होता आणि कोरड्या वाळूवर ओढायला मंगळवारची काही हरकत नाही. पंचवीस माणसं आणि त्रेचाळीस मुलं. होडी ओढायची आरोळी मुलांना पाठ आहेच, झोळीत असल्यापासून ऐकतात. चौथ्या आरोळीला ती वाळूला लागली. मुलं ओंडके आणून आणून पुढे टाकत होती, कोणी न सांगता.

होडी वर आली. मामा ओतूलाही काही न बोलता घरी निघून गेले.

कोणी केलं ते विचारावं लागलं नाही. कुकुवा वल्हं हातात घेऊन समोर उभी राहिली. “मी आणि पायिनने केलं. एवढंसं लाकूड खरंच थांबवतं का ते बघायचं होतं. वल्ह्याखाली दगड ठेवला, पाचरीच्या अगदी जवळ. मग जोर लागलाच नाही, सर.” मला ओरडायचं होतं, आणि ओरडलोही. पण दगड तिने बरोबर जागी ठेवला होता.

२२ फेब्रुवारी, बुधवार

शुक्रवारी पंच बसणार. प्रमुखाचीच होडी मंगळवारी पाण्यात गेली, असं कधी झालं नव्हतं म्हणे. गावात जो तो तेच बोलतोय. आज मासळी कमी आली, तेही माझ्याच माथी. क्वान्सा बाई म्हणाल्या, पंचांनी मुलांना किनारा बंद केला तर माझी बदलीच मागावी लागेल, कारण या गावात किनाऱ्याशी वाकडं घेऊन शाळा चालत नाही. त्या वाईट बोलल्या नाहीत, खरं तेच बोलल्या.

मला बदलीची भीती वाटते. पण त्याहून मामांची लाज वाटते. पंचवीस माणसांसमोर ते गप्प उभे राहिले. मी एकदा पळून गेलो ते गेलोच, आणि आता हे.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

जाळ्यांच्या छपराखाली सगळे जमले. मामा नेहमी जिथे बसतात तिथे आज पंचांतले म्हातारे एशुन बसले, कारण स्वतःच्या खटल्यात निवाडा करता येत नाही. मामांनी वहाणा काढल्या, खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं आणि सगळ्यांसमोर उभे राहिले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. फार बारीक दिसले.

एशुन यांनी विचारलं, काय झालं? ओतूने काठी उचलली आणि सवयीने सुरू केलं, “प्रमुख म्हणतात...”

“ओतू, तू बस,” एशुन म्हणाले. “निरोप्या प्रमुखाला असतो. आज हे प्रमुख म्हणून उभे नाहीत. आरोपीने स्वतःच्या तोंडाने बोलायचं.”

ओतू बसला. काठी कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

मामांनी घसा साफ केला. “होडी माझी,” ते म्हणाले. “पाचरी दोन असतात. एक मी शाळेत दिली. पोरांना हातात घेऊन बघता यावी म्हणून. नवीन करून लावीन म्हटलं आणि कमरेमुळे राहिलं. होडी आठवडाभर एका पाचरीवर उभी होती. चूक माझी आहे, पोरांची नाही.”

मला एवढंच वाटलं की सुतार आक्वाने माझे मासे कसे खाल्ले.

एशुन यांनी मला उठवलं. “नाव एबो. मंगळवारी जन्मलास म्हणून एबो. आणि मंगळवारीच समुद्रात शिरलास. का?”

मी सुचलं होतं तेच सांगितलं. मी मच्छीमार नाही. समुद्राची सुट्टी मच्छीमारांपासून असते, मास्तरांपासून नाही.

छपराखाली कोणीतरी खुदकन हसलं. एशुन मामांकडे वळले. “हा मच्छीमार नाही, याला साक्षीदार कोण?”

“मी,” मामा म्हणाले. “शपथेवर सांगतो. माझ्या पायावर ओकलाय.”

सगळं छप्पर हसलं, एशुनसुद्धा. मामा हसले नाहीत. हसणं थांबेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, “पण हा माझा भाचा आहे. माझ्या घरातला. त्याच्या वर्गाने केलं ते माझ्या घराने केलं. जे काय असेल ते माझ्या घरावर घाला.”

हे ते पंचांना म्हणाले, पण तोंड माझ्याकडे होतं.

निकाल: मामांच्या घरून समुद्राला एक मेंढी आणि दारूची एक बाटली, ‘धीर धर’ आठवडाभर जमिनीवर. मुलांबद्दल बराच वेळ कुजबुज झाली. शेवटी एशुन म्हणाले, मंगळवार म्हणजे काय हे ज्यांना कळलं नाही त्यांनी दर मंगळवारी इथे येऊन ते शिकावं. म्हणजे किनारा बंद झाला नाही, आणि मी सुटलो. मेंढी मामींच्या कळपातलीच आहे, आणि आबा म्हणते मामींना ती तशीही आवडत नव्हती, लाथा मारायची.

मग मामा पुन्हा आपल्या जागी बसले, वहाणा घातल्या, ओतूने काठी उचलली. “प्रमुख म्हणतात,” तो मला म्हणाला, “दोर परत आणून द्यावा.”

२६ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेनंतर दोर घेऊन गेलो. ओली गाठ आवळून सुटेना म्हणून होडीच्या कड्यातला फास कापून गाठीसकट आणला होता. खोलीत तेच तिघं. मामांनी दोराचं टोक हातात घेतलं आणि माझी गाठ उलटसुलट करून पाहिली.

“विचार त्याला, ही काय आहे.”

“प्रमुख विचारतात, ही...”

“ओतू,” मामा म्हणाले, “तू बाहेर जा जरा. हे तुझ्या तोंडाला शोभणारं नाही.”

ओतू गेला. आणि मामा सुटले. गाढव म्हणाले. शेळी बांधायची गाठ म्हणाले, आणि शेळीही सुटेल म्हणाले. अकरा दिवस होडीवर होतास, अकरा दिवसांत एक गाठ शिकता येत नाही? छातीएवढ्या पाण्यात शिरताना दोर कमरेला का नाही बांधलास? तू गेला असतास तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? अक्कल कुठे ठेवली होतीस? हे सगळं एका दमात, मग दम घेऊन पुन्हा. मान खाली घालून ऐकत होतो, डोळे भरून आले होते, आणि मनात एकच होतं की यांनी थांबू नये.

बऱ्याच वेळाने थांबले. म्हणाले, “जेवलास का?”

“नाही.”

“मग बस.”

मामीने एत्सेव, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, आणि तळलेली मासळी आणली. मी घास घेताना ते माझ्या तोंडाकडे बघत होते. बहुधा शीत शोधत असावेत, पण आज भात नव्हता.

घरी आल्यावर आबाने विचारलं, “काय म्हणाले?”

“मला गाढव म्हणाले.”

“कोण? ओतू?”

“मामा. स्वतः.”

ती वळली. पदराला हात पुसत बाहेर गेली आणि बराच वेळ चुलीशी उभी राहिली. धूर डोळ्यात गेला म्हणाली.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

आज किनाऱ्यावर वर्ग मामांनी घेतला. काठी नाही, निरोप्या नाही. ओतू सावलीत झोपला होता. मी म्हटलं, मी काय करू? मामा म्हणाले, “मागे बस आणि शीक.”

मागच्या रांगेत काकराशेजारी बसलो. मामांनी दोर घेतला, ओंडक्याला एक फेरा, मग दुसरा, मग टोक खालून. प्रत्येक मुलाकडून करून घेतलं. कुकुवाने पहिल्यांदाच बरोबर केलं आणि विचारलं, “पण दोर हे यंत्र आहे का?” मामा म्हणाले, “हे तुमच्या सरांना विचार, मला तेवढं नाही येत.”

मग त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि मागे माझ्यावर थांबवली.

“एबो. ऊठ. बांधून दाखव.”

उठलो. त्रेचाळीस मुलं मागे वळून बघत होती. गाठ चुकली. मामांनी सोडली आणि दोर पुन्हा माझ्या हातात दिला.